विकल्प नाही

"न्हाई साहेब. तिळमात्र विकल्प न्हाई," सारंगमामा म्हणाले.

जिल्ह्याहून आलेल्या टिपरे साहेबांनी कागदावरून मान वर केली. "नक्की? नीट विचार करून बोला. एकदा लिहिलं की लिहिलं."

"त्यात इचार कसला? न्हाई म्हंजी न्हाई."

साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. "लिही. विकल्प नाही."

पेन माझ्या हातात होतं. साहेबांचा कारकून तापाने घरी पडला होता, आणि पंपहाऊसवर वळणदार अक्षर फक्त माझं होतं, म्हणून सकाळीच मला टेबलाशी बसवलं होतं. मी मामांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघून हसले. मी लिहिलं : श्री. सारंगधर नामदेव उगले, वॉलमन, सेवा सव्वीस वर्षे. विकल्प नाही. मामांनी खाली सावकाश सही केली, सगळ्यांना "दंडवत" म्हणाले, खांद्यावर व्हॉल्व्हची लांब चावी टाकली आणि बारा वाजताचं पाणी सोडायला निघून गेले.

ते दाराबाहेर पडल्यावर साहेब म्हणाले, "घायतडक, तुझं नशीब उघडलं की रे."

हे चौऱ्याऐंशी सालच्या मार्चमधलं. आमच्या तालुक्याच्या गावची पाणीपुरवठा योजना नगरपालिकेकडून सरकारच्या पाणीपुरवठा मंडळाकडे जायची होती. माणसं आम्ही सात, मंडळाने मंजूर केलेल्या जागा सहा. जो मंडळाच्या नोकरीत यायला तयार असेल त्याने तसा विकल्प द्यायचा, ज्येष्ठतेप्रमाणे सहा जण घ्यायचे, ज्याने विकल्प दिला नाही त्याने एकतीस मार्चला घरी जायचं. ज्येष्ठतेच्या यादीत मामा पहिले होते आणि मी सातवा.

सातवा म्हणजे काय ते सांगतो. मी पाच वर्षं रोजंदारीवर होतो. एकोणनव्वद दिवस काम, मग एक दिवस मस्टरवर नाव नाही, मग परत एकोणनव्वद दिवस. नव्वद भरले असते तर मला हक्क मागता आला असता, म्हणून ते नव्वद कधी भरू द्यायचे नाहीत. त्या एका दिवशीसुद्धा मी कामावर यायचो. पंप काही मस्टर बघून बंद पडत नाही. माझी आई तेव्हा नगरपालिकेच्या शाळेत झाडलोट करायची आणि तिथला हेडमास्तर तिला नावाने नाही, आमच्या वस्तीच्या नावाने हाक मारायचा. मला कायम व्हायचं होतं. कायम झालेल्या माणसाला निदान नावाने हाक मारावी लागते, असं मला वाटायचं.

आता तो शब्द.

मामा महानुभाव पंथाचे. पाण्याच्या टाकीखाली त्यांना एक खोली दिलेली होती, नोकरीबरोबर मिळालेली. त्या खोलीच्या दारात बसून ते संध्याकाळी पोथी वाचायचे. छापील अक्षर त्यांना वाचता यायचं, हाताचं पळतं अक्षर मात्र लागायचं नाही. मी नववी नापास. शाळेने जे दिलं नाही ते रद्दीतून उचलत होतो, आणि नवा शब्द सापडला की वहीत लिहीत होतो. मामांच्या पोथीत तर माझ्यासाठी खजिनाच होता. मी त्यांच्या पायरीवर बसायचो, ते एकेक ओळ वाचायचे, मी अडवायचो.

एकदा त्यांनी वाचलं की अमक्याच्या मनात विकल्प आला. मी म्हणालो, "मामा, विकल्प म्हणजे पर्याय. पेपरात येतो ना, दुसरा विकल्प नाही म्हणून."

"पेपरवाल्याचं पेपरवाल्यापाशी," मामा म्हणाले. "आमच्याकडं विकल्प म्हंजी अविश्वास. मनात किंतु येणं. देवाबद्दल, गुरूबद्दल, घरातल्या माणसाबद्दल."

"म्हणजे संशय?"

"संशयाला तोंड असतंय रे, तो बोलून दाखवतो माणूस. विकल्प न्हाई दिसत." त्यांनी थोडा विचार केला. "आपल्या पायपाला बारीक चीर जाते बघ. पाणी जोरात चालू हाय तवर कळत न्हाई. पाणी बंद झालं की तीच चीर भायेरची घाण आत ओढते. तसा विकल्प."

आतून अनसामाय, म्हणजे त्यांची बायको, म्हणाली, "यांना कदी कुणाचा विकल्प आला न्हाई. म्हनून तर आयुष्यभर नळ फिरवत बसले. मला येतो बापा. मला दूधवाल्याचापन येतो."

मी त्या दिवशी वहीत लिहिलं : विकल्प – एक, पर्याय. दोन, अविश्वास, किंतु. खाली चीर गेलेल्या पाइपाचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. इतकं सुंदर वाक्य माझ्या हातून आजवर उतरलेलं नाही.

म्हणजे मला माहीत होतं. त्या दिवशी टेबलाशी बसलो तेव्हा मला दोन्ही अर्थ माहीत होते, आणि मामांना एकच माहीत होता, आणि साहेबांना दुसराच. सकाळी युनियनवाल्यांनी गेटवर आरडाओरडा केला होता की मंडळ फसवणार आहे. म्हणून साहेबांनी सुरुवातच केली, "मंडळावर विश्वास ठेवा. मनात काही ठेवू नका." आणि लगेच त्याच दमात, "हां, उगले. मंडळाबाबत तुमचा विकल्प आहे की नाही?" मामांनी काय ऐकलं असेल? आपल्याला कोणी विचारतंय, तुझा आमच्यावर अविश्वास आहे का? भल्या माणसाने भल्या माणसासारखं उत्तर दिलं.

ज्यांनी हा शब्द उचलून मंडळाच्या परिपत्रकात बसवला त्यांना वाटलं असेल आपण मराठी घडवतोय. घडवा. पण ज्यांच्या तोंडात तो शब्द सातशे वर्षांपासून होता त्यांना एकदा विचारायचं तरी. मी ह्यावर पुढे पुष्कळ बोललो आहे, टेबलावर मुठी आपटून बोललो आहे. पण साहेबाला शिव्या घालून मी सुटत नाही. साहेबाला अर्थ माहीत नव्हता. मला होता.

मामांच्या नंतर बाकीच्यांचे विकल्प घेतले. सगळ्यांनी "आहे" सांगितलं. शेवटी साहेबांनी मला विचारलं. मी म्हणालो "आहे" आणि स्वतःचं नाव स्वतःच्या अक्षरात लिहिलं. हात थरथरला नाही. हे मला आज सांगावंसं वाटतं, कारण लोकांना वाटतं अशा वेळी हात थरथरतो.

दुपारी जेवायच्या सुट्टीत गफूरभाई फिटर माझ्याजवळ येऊन बसले. "सारंगभाऊ खरंच निघाले?"

"बोलले ना. तुमच्यासमोर."

"बोलले खरं. दर पावसाळ्यात म्हणतात, आता संन्यास घेतो, आश्रमात जातो. मला वाटायचं, उगंच म्हणतात." त्यांनी डब्यातली अर्धी पोळी माझ्याकडे सरकवली. "चल, तुझं झालं. पेढे काढ आता. उद्यापासून तुला साहेब म्हणायचं का रे?"

"म्हणा की."

"घे मग. साहेब लोक शिळी पोळी खातात का?"

मी हसलो.  पोळी पाण्याबरोबर ढकलली.

गफूरभाईंनी पेढ्यांची गोष्ट आणखी कोणाकोणाला सांगितली असावी, कारण तीनच्या सुमारास अनसामाय पंपहाऊसच्या मागच्या दारात आली. डोक्यावरचा पदर घट्ट ओढलेला. मला बाहेर बोलावलं.

"अंकुश, तो गफूर म्हनतो, माय आश्रमात आमची याद ठेवा. काहून म्हनतो तो असं?"

"थट्टा करत असतील."

"यांचं काय लिहून घेतलं रे सकाळी?"

"मामा बोलले तेच."

"ते काय बोलले?"

"जे खरं ते."

अनसामाय माझ्या तोंडाकडे बघत राहिली. ती अडाणी होती, सही करायची तर अंगठा द्यायची. पण माणूस वाचता यायचा तिला. "मी ते न्हाई इचारलं," ती म्हणाली. "आम्ही राह्यलो का गेलो, तेवढं सांग."

"चार वाजता साहेब यादी वाचून दाखवणार आहेत, माय. तेव्हा कळेल सगळं."

"तुला आताच ठाव हाय. तुझ्या तोंडावर हाय." तिने पदर कमरेला खोचला. "आम्हाला ना शेत, ना घर. पोरगी दिली तिकडं जालन्याला, तिचा नवरा मला उंबऱ्यावर उभी करीत न्हाई. हे पंधरा हाताचं टाकीखालचं हाय तेवढंच. अन् तू म्हनतो थट्टा."

ती गेली नाही. तिथेच भिंतीला टेकून बसली चार वाजेपर्यंत. मी आत गेलो. तिची सावली दारातून आत पडली होती आणि मी दुसरीकडे तोंड करून बसलो.

चारला सगळे जमले. मामा नुकतेच वरच्या आळीचं पाणी बंद करून आले होते, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. जीप दारात सुरू होती. साहेबांना अंधार पडायच्या आत जिल्ह्याला पोचायचं होतं.

साहेब वाचायला लागले. "उगले, विकल्प नाही. शेख गफूर, विकल्प आहे. दाभाडे, विकल्प आहे. लोखंडे, आहे. गवारे, आहे. निकाळजे, आहे. घायतडक, आहे."

मामा एकेक नाव ऐकत होते आणि त्यांचं तोंड उतरत चाललं होतं. माझं नाव आलं तेव्हा ते उभे राहिले.

"काय रे हे? सगळ्यांनाच विकल्प?" ते आमच्याकडे वळले. "गफूर, तुलापन? अरे, माणसानं भरवसा ठेवावा. साहेब एवढे लांबून आले, त्यांच्या तोंडावर म्हनता विकल्प हाय? अन् अंकुश, तू तर वाचनारा मानूस."

सगळे हसले. साहेबसुद्धा हसले. त्यांना वाटलं, म्हातारा नोकरी सोडून निघालाय आणि बाकीच्यांना मोहमाया सोडा म्हणून सांगतोय. गफूरभाई म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं सारंगभाऊ, आम्ही येतो मागून."

"बरं," साहेब कागद आवरत म्हणाले, "उगले, एकतीस तारखेला चार्ज द्या. चावी घायतडककडे. आणि टाकीखालची खोली पाच तारखेपर्यंत खाली करा."

मामांना नीट ऐकू आलं नसावं असं वाटलं. ते म्हणाले, "कुनाची खोली?"

"तुमची."

"ती काहून?"

"नोकरी नाही तर खोली कशी राहील?"

"नोकरी न्हाई?" मामांनी सगळ्यांकडे पाहिलं. कोणी हसत नव्हतं आता. "साहेब, काही तरी चुकतंय. मी तर म्हनलो, माझा विकल्प न्हाई."

"तेच तर लिहिलंय."

"मग?"

"मग काय? विकल्प नाही म्हणजे मंडळात यायचं नाही."

"यायचं न्हाई असं म्या कुठं म्हनलो? विकल्प न्हाई म्हनलो."

"अहो, तेच!" साहेबांनी टेबलावर हात आपटला. "सकाळी दोनदा विचारलं तुम्हाला. नक्की का, विचार करा, म्हणालो की नाही? सहा साक्षीदार आहेत. खाली सही आहे तुमची. आता बाई काही बोलली असेल घरी म्हणून तुम्ही शब्द फिरवणार, हे चालायचं नाही."

"शब्द म्या फिरवत न्हाई. शब्दाचा अर्थ तुम्हाला ठाव न्हाई."

हे ते इतक्या शांतपणे म्हणाले की साहेबांचा पारा चढला. "मला? मला मराठी शिकवणार तुम्ही?"

"म्या कशाला शिकवू? हा हाय ना." मामांनी माझ्याकडे हात केला. त्यांचा चेहरा निवळला, जणू आता प्रश्नच मिटला. "अंकुशला इचारा. त्यानं वहीत लिहून घेतलाय अर्थ. सांग रे बाबा साहेबाला, विकल्प म्हंजी काय."

सगळे माझ्याकडे वळले. दारात अनसामाय उभी होती.

मी म्हणालो, "विकल्प म्हणजे पर्याय."

"अन् दुसरा?" मामा म्हणाले.

मी टेबलावरचं पेन उचलून त्याला टोपण लावलं.

"दुसरा रे. पायपाची चीर. विसरला का?"

मामा माझी वाट बघत होते. धडा येत असलेलं पोर वर्गात घाबरून गप्प बसतं ना, तसं त्यांना वाटत होतं. ते मान हलवून मला धीर देत होते. अजून, त्या क्षणीसुद्धा, माझ्याबद्दल त्यांच्या मनात काही आलं नव्हतं. दारातून अनसामाय म्हणाली, "न्हाई विसरला तो. माझ्या दाराशी बसून लिहिलंय त्यानं. मी समोर होते."

"वहीबिही काही नको मला," साहेब म्हणाले. त्यांनी कागद पिशवीत टाकले. "मंडळ वही बघत नाही. ज्याने लिहिलं तो म्हणतो पर्याय. संपलं. चला."

साहेब निघाले. बाहेर ड्रायव्हरने जीप रेस केली. मामा तसेच माझ्याकडे बघत राहिले.

मी चांगला माणूस आहे म्हणून बोललो असं कोणी समजू नये. चांगला असतो तर सकाळी अकराला बोललो असतो. मला त्यांचं ते धीर देणं सहन झालं नाही. त्यांनी एक शिवी दिली असती तर मी गप्प बसलो असतो आणि आज कुठल्या तरी पंपहाऊसवरून निवृत्त होऊन पेन्शन खात असतो.

"थांबा साहेब," मी म्हणालो. "विकल्प म्हणजे अविश्वास. ते म्हणत होते, त्यांचा मंडळावर अविश्वास नाही. त्यांना नोकरीत राहायचं होतं."

साहेब दारात थांबले. "हे तुला आता सुचलं?"

"नाही. सकाळीच माहीत होतं."

"माहीत होतं आणि असं लिहिलंस?"

"हो."

"का?"

"माणसं सात आणि जागा सहा आहेत साहेब. तुम्हालाही आकडे येतात."

गफूरभाईंच्या तोंडून एक घाण शिवी आली, हळू आवाजात. साहेब परत आत आले, टेबलाशी बसले. रागावलेला माणूस आणि घाबरलेला माणूस यांचा चेहरा सारखाच असतो. साहेबांचा दोन्ही होता. चुकीच्या कागदावर त्यांचीही सही होती.

"मी नुसतं तोंडी घेणार नाही," ते म्हणाले. "लेखी दे. अर्थ माहीत असताना जाणूनबुजून चुकीची नोंद केली, असं. मग मी खाडाखोड करून सही करतो. पण लक्षात ठेव, असा कागद दिलास तर जागा गेलीच, उद्यापासून मस्टरवरही तुझं नाव राहणार नाही. एकोणनव्वदाची वाट बघायला नको. बोल."

"कागद द्या."

मी लिहिलं. शुद्धलेखनाची एकही चूक केली नाही. साहेबांनी ते दोनदा वाचलं, घडी करून खिशात घातलं. मग यादी काढली, मामांच्या नावापुढचं "नाही" खोडलं, वर "आहे" लिहिलं, बाजूला सही ठोकली. माझ्या नावावरून आडवी रेघ ओढली. कोणाशी न बोलता ते जीपमध्ये जाऊन बसले. धुरळा उडाला, जीप गेली.

गफूरभाई आणि बाकीचे माझ्या अंगावरून गेले, कोणाचा खांदासुद्धा लागू न देता. अनसामाय आत आली. मला वाटलं, ही आता तोंडात मारेल. तिने मारलं नाही. मामांचा हात धरून म्हणाली, "चला घरी." तिच्या आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं.

मामा हलले नाहीत.

"तुला सकाळीच कळलं होतं?" त्यांनी विचारलं.

"हो मामा."

"म्या बोललो तवाच?"

"तुम्ही बोललात तेव्हाच."

"अन् मी तुझ्याकडं बघून हसलो होतो."

"हो."

त्यांनी मान हलवली. मग टेबलाकडे पाहिलं, जिथे मघाशी यादी होती.

"आता साहेबानं खोडून काय लिहिलं तिथं? माझ्या नावापुढं?"

"विकल्प आहे."

मामांनी तो शब्द मनाशी एकदा म्हणून पाहिला. ओठ हलले, आवाज आला नाही. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाच वर्षांत पहिल्यांदा ते मला ओळखत नसल्यासारखं बघत होते.

"आता बराबर लिहिलं," ते म्हणाले.